मास्तरांचे बारीक टाके

मास्तरांची आठवण काढायची तर नेमक्या कुठल्या मास्तरांची काढायची, हाच मास्तरीणबाईंचा घोळ होता. माणूस गेला की घरचे आठवणी काढतात, डोळे पुसतात, मध्येच कोणाला तरी एखादी गंमत आठवते आणि सगळे हसतात. सगळीकडे असंच चालतं. मास्तरीणबाईंचं घोडं तिथेच अडलं होतं. त्या डोळे मिटून मास्तरांना आठवू लागल्या की एकाच्या जागी तीन मास्तर हजर व्हायचे, आणि तिघांतला खरा कोणता हे काही केल्या ठरेना.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. कोट शिवायचे. घराच्या पुढच्याच खोलीत दुकान होतं: रस्त्याकडे काचेचं दार, दारालगत कापायचं उंच टेबल, मागे दोन मशीन, कोपऱ्यात इस्त्री आणि खिडकीखाली बाईंची बुटकी खुर्ची. कापणं, जोडणं, मशीन मारणं मास्तरांकडे. काज, बटण, तुरपाई आणि उसवणं बाईंकडे.

उसवणं हेही कोटाच्या धंद्यात काम असतं बरं का. कोट काही एकदम शिवत नाहीत. आधी पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब कच्चे टाके घालून तो नुसता जोडायचा, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघायचा, मग पक्की शिलाई करायची, आणि ती झाली की कच्चे टाके काढून फेकून द्यायचे. म्हणजे मास्तरांनी घातलेलं बाईंनी काढायचं. मास्तर गिऱ्हाइकांना हसत सांगायचे, "आमचा संसारच असा आहे. मी घालतो, ही काढते." तोंडात टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे त्यांना ओठ उघडून हसता यायचं नाही. ते नाकाने हसायचे आणि खांदे गदगदा हलायचे. हे झाले पहिले मास्तर.

दुसरे मास्तर आले युनिफॉर्मच्या पायी. कोट शिवून घेणारे लोक कमी होत चालले होते, आणि एका शाळेने युनिफॉर्मचं काम देऊ केलं. निरोप आला तेव्हा मास्तर बाजारात अस्तर आणायला गेले होते. बाईंनी परस्पर हो म्हणून टाकलं. मास्तर आले, ऐकून घेतलं, अस्तराचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बरं."

बाईंना वाटलं होतं, जरा आदळआपट होईल. कोटाच्या कारागिराने पोरांच्या अर्ध्या चड्ड्या शिवायच्या म्हणजे काही गंमत नाही. पण 'बरं'च्या पुढे मास्तर एक अक्षर बोलले नाहीत. आणि त्यानंतर हळूहळू त्यांचं हसणं बंद झालं. बाई काही गमतीचं बोलल्या तरी मास्तरांचा चेहरा म्हणजे मख्ख. आवाजही खाली गेला. काही विचारलं की ते तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे, आणि "काय म्हणालात?" असं दुसऱ्यांदा विचारलं की नुसतं बघत राहायचे. दुकानात येणारे ओळखीचे लोक बाजूला घेऊन विचारायचे, "मास्तरांचं काही बिनसलंय का?" आता काय बिनसलंय ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. युनिफॉर्म.

त्यात टाके बारीक झाले. पूर्वी मास्तरांचा कच्चा टाका बोटाच्या पेराएवढा असायचा. दोऱ्याचं टोक धरून ओढलं की सर्रकन सगळी रांग हातात. आता ते इतके बारीक आणि घट्ट घालू लागले की बाईंना एकेक टाका सुईच्या टोकाने उचकटावा लागे. एक कोट उसवता उसवता डोळ्यांतून पाणी यायचं. शेवटी बाईंनी तोंड उघडलं.

"अहो, कच्चाच टाका आहे ना? मग इतका बारीक कशाला? जरा मोठे घाला की."

"बरं," मास्तर म्हणाले.

पुढचा कोट आला, टाके तस्सेच. बाईंनी पुन्हा सांगितलं. पुन्हा "बरं." आणि पुन्हा बारीकच. तेव्हा मात्र बाईंचं डोकं फिरलं. हा माणूस मुद्दाम करतोय. रागावलाय तर भांडावं, ओरडावं, पण हे असं टाक्याटाक्याने सूड उगवणं? मलाही येतं म्हणावं. आणि त्यांनी अबोला धरला. एका खोलीत, एका टेबलाच्या दोन बाजूंना दोघं दिवसभर काम करायची आणि बोलायची ती फक्त मशीन. तो हिवाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा असाच गेला.

मग एक दिवस मास्तर दुकानाच्या दारात उभे राहिले आणि त्यांना पाऊल पुढे टाकता येईना. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. बाई मागून म्हणाल्या, "जायचं तर जा, नाहीतर आत या, दार कशाला अडवलंय?" अबोल्यातलं ते पहिलं वाक्य. मास्तरांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा नेहमीसारखाच मख्ख, पण डोळे घाबरलेले होते.

डॉक्टरांनी मास्तरांना चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली, कागदावर एक ओळ लिहायला लावली. मास्तर लिहीत गेले तसतशी अक्षरं बारीक होत गेली. डॉक्टर म्हणाले, हा कंपवाताचा आजार आहे. बाई म्हणाल्या, पण यांचा हात तर कापत नाही. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांचा कापत नाही. काहींचा नुसता आखडतो, हालचाल छोटी होत जाते. चेहऱ्यावरचं हसू जातं, आवाज खाली जातो, अक्षर बारीक होतं. आणि हे दिसायला लागण्याआधी काही वर्षं आतल्या आत सुरू असतं.

बाई परत येताना रिक्षात एकदम हलक्या झाल्या होत्या. खोटं कशाला बोला, नवऱ्याला न बरा होणारा आजार झालाय असं ऐकून त्यांना आनंद झाला होता. म्हणजे राग नव्हता! युनिफॉर्म नव्हते, सूड नव्हता, टाके बारीक झाले ते आजारामुळे. त्यांनी मास्तरांचा हात धरला. मास्तरांनीही त्यांचा हात धरला, आणि घर आलं तरी सोडला नाही. बाईंना भरून आलं. मग मास्तर खाली उतरेनात आणि हातही सुटेना, तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की त्यांची बोटं आखडलीत. रिक्षावाल्याने एकेक बोट सोडवून दिलं.

तिसरे मास्तर ते इथून पुढचे, आणि खरा घोळ यांनीच घातला.

कापायचं टेबल सुटलं. मशीन सुटली. लेक नोकरी सोडून दुकानात बसू लागली. तिचा हात चांगला होता, बापाकडूनच शिकली होती. मास्तर खुर्चीत बसून बघत राहायचे. चालताना पाय अडायचे, पण डॉक्टरांकडे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक युक्ती सांगितली होती: जमिनीवर आडव्या रेघा मारा, रेघ ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो. का उचलतो ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही. शिंप्याच्या घरात खडूला काय तोटा. मास्तरीणबाईंनी खुर्चीपासून दारापर्यंत आणि दारापासून न्हाणीघरापर्यंत कापडावर मारायच्या खडूने रेघा मारल्या. मास्तर रेघ ओलांडत चालू लागले. केर काढला की रेघा पुसायच्या, बाई पुन्हा मारायच्या. एकदा घाईत मारलेल्या रेघेपाशी मास्तर थांबून राहिले. बाईंना वाटलं, अडले. मास्तर पुटपुटले, "ही तिरकी आहे." बाईंनी ती पुसून सरळ मारली, तेव्हा गेले. हे मात्र नक्की त्यांचं स्वतःचं होतं, असं बाई पुढे सगळ्यांना सांगायच्या. पण तेवढंच.

कारण औषध वाढलं तसे मास्तर बोलू लागले. एका दुपारी बाई काज करत होत्या, आणि खुर्चीतून आवाज आला, "तू माझ्यासाठी फार केलंस."

बाईंच्या हातातली सुई थांबली. इतक्या वर्षांच्या संसारात असलं वाक्य मास्तरांच्या तोंडून कधी आलं नव्हतं. त्यांना वाटलं, झालं, सगळं भरून पावलं. संध्याकाळपर्यंत त्या गुणगुणत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर इस्त्रीकडे बघत अगदी त्याच आवाजात म्हणाले, "तू माझ्यासाठी फार केलंस."

लेकीला हसू आवरेना. "आई, केलंच आहे की इस्त्रीने." बाईही हसल्या, हसता हसता रडल्या. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, या औषधाने असं होतं. नसलेल्या गोष्टी दिसतात, मनात नसलेलं बोललं जातं. सगळंच मनावर घेऊ नका.

सगळं नाही, मग किती घ्यायचं? मास्तरीणबाईंना पडलेला हा प्रश्न मास्तर गेल्यावरही सुटला नाही. छातीत कफ धरून मास्तर गेले, शांतपणे गेले; पण तो प्रश्न खुर्चीत तसाच बसून राहिला. न हसणं आजाराचं म्हणायचं, तर हात धरणंही आजाराचंच म्हणावं लागतं. राग त्यांचा नव्हता म्हणून सुटकेचा श्वास टाकायचा, तर ती माया तरी त्यांची कशावरून? वाईट तेवढं आजाराच्या माथी आणि चांगलं तेवढं आपल्या पदरात, असं कसं चालेल? आणि हे सगळं आजाराला देऊन टाकलं, तर त्या सगळ्या वर्षांत आपण या खोलीत राहत होतो कोणाबरोबर?

ज्याला विचारावं तो आणखी गोंधळ वाढवायचा. धाकटे दीर आले होते, त्यांना बाईंनी विचारलं, "भाऊजी, युनिफॉर्मचं काम आलं तेव्हा हे रागावले होते का हो माझ्यावर? तुमच्याजवळ काही बोलले?"

दीर म्हणाले, "दादा कुठे बोलतोय? आणि वहिनी, तो लहानपणापासून असाच होता. हसायचा नाहीच."

"हसायचे नाहीत? अहो, खांदे हलायचे हसताना."

"खांदे? छे. तुमचा काहीतरी गैरसमज होतोय."

आता नाकाने हसणाऱ्या माणसाबद्दल गैरसमज कसा होईल? पण दीर गेल्यावर बाईंनाच शंका आली. त्यांनी लेकीला विचारलं. लेक म्हणाली, "बाबा हसायचे की. शेवटी शेवटीसुद्धा हसायचे. मला डोळ्यांत कळायचं." म्हणजे एकाच्या मते मास्तर कधीच हसत नव्हते आणि दुसरीच्या मते शेवटपर्यंत हसत होते. बाईंनी डोक्याला हात लावला.

दिवस असे चालले असताना एका सकाळी काचेच्या दारात स्टेशनमास्तर उभे राहिले. पूर्वी हे गृहस्थ दुकानात आले की दोन मास्तर समोरासमोर यायचे आणि बाकीच्यांनी कोणाला हाक मारायची याची पंचाईत व्हायची. अबोल्याच्या त्या हिवाळ्यातच त्यांनी कोट टाकला होता. एकदा अंगावर चढवून पाहिला, आणि पक्का व्हायच्या आत त्यांची लांब कुठेतरी बदली झाली. कोट राहून गेला. आता नोकरी संपवून ते परत आले होते, आणि येताना भलंमोठं पोट घेऊन आले होते.

मास्तर गेल्याचं कळल्यावर त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग चाचरत म्हणाले, "वहिनी, विचारायला बरं वाटत नाही, पण माझा एक कोट होता."

"आहे की," बाई म्हणाल्या. "इथून काही जात नाही."

कपाटात मागे, जुन्या चादरीत गुंडाळलेला कोट निघाला. गडद निळा, अजून अस्तर न लावलेला, सगळीकडे पांढरे कच्चे टाके. स्टेशनमास्तरांनी तो अंगावर धरला. दोन्ही बाजू पोटाच्या अलीकडेच थांबल्या.

"कोट आटला वाटतं," ते गंभीरपणे म्हणाले.

लेक हसली. "काका, दोन्ही बाजूंना कापड सोडलेलं असतं. बाबा सोडायचेच. सगळं उसवून पुन्हा बसवते, होऊन जाईल."

उसवणं म्हणजे बाईंचं काम. दुपारी कोट घेऊन त्या खिडकीखाली बसल्या. हेच ते टाके. अबोल्यातले. त्यांनी सवयीने कोटाचा खालचा घेर मांडीवर ओढला. मास्तर कच्चं करायचे ते खांद्यापाशी गाठ मारून खाली घेरापर्यंत यायचे, आणि टेबलावरून कोट सरकवायचे तो घेर बाईंकडे करून. त्यामुळे बाई आयुष्यभर खालून उसवत आल्या होत्या. शेपटाकडून सुरू करायचं, अडतील ते टाके एकेक करून सुटे करायचे आणि वर दोरा मोकळा लागला की तो गाठीसकट हिसका देऊन ओढून काढायचा. वर काय होतं ते बघायची वेळच कधी आली नव्हती.

पण आज खालचा टाका त्यांना दिसेना. डोळे आता पूर्वीचे राहिले नव्हते. चष्मा पुसला, कोट उजेडात धरला, सुई इकडे तिकडे टोचून पाहिली. बोटाखाली टाके कळत होते, पण नजरेला एकही सापडत नव्हता. "मरो," म्हणून त्यांनी कोट उलटा फिरवला आणि खांद्यापासून बोटाने चाचपत आल्या. गाठ लागली. गाठीपुढचा टाका लख्ख दिसला, कारण तो मोठा होता. चांगला पेराएवढा.

दुसरा त्याहून जरा कमी. तिसरा आणखी कमी. मग लहान, आणखी लहान, आणि वीतभर खाली गेल्यावर मुंगीएवढे. डॉक्टरांच्या कागदावर अक्षरं झाली होती तसेच. बाईंनी शेजारची रांग पाहिली. पहिला टाका पेराएवढा, आणि मग लहान होत होत मुंगीएवढे. तिच्या शेजारची, तशीच. आजार असाच असतो, त्या मनाशी म्हणाल्या. सुरुवात मोठी होते आणि हात आपोआप आखडत जातो. यात मास्तरांचं काय आहे? हेही आजाराचंच. असं म्हणून त्यांनी पहिल्या टाक्याखाली सुई घातली.

तेव्हा त्यांना खडू दिसला.

टाक्याच्या दोन्ही टोकांना खडूची एकेक बारीक आडवी रेघ होती. पहिला टाका बरोबर या रेघेतून त्या रेघेपर्यंत. त्याच्या खाली, तेवढ्याच अंतरावर, आणखी एक रेघ. दुसरा टाका तिच्या जरा अलीकडे पडला होता. खाली पुन्हा रेघ. पुन्हा रेघ. पेराएवढ्या अंतराने, एकीलाही तिरकेपणा नाही, खांद्यापासून घेरापर्यंत रेघा गेल्या होत्या. टाके मात्र तिसऱ्याच रेघेपासून मागे पडत गेले होते. प्रत्येक रांगेशेजारी तशाच रेघा.

कच्च्या टाक्याला कोणी खुणा करत नाही. कालचं शिकाऊ पोरगंसुद्धा करत नाही. तो टाका डोळे मिटून घालायचा आणि फेकून द्यायचा असतो. सगळा जन्म कोट शिवलेल्या माणसाने एवढ्यासाठी खडू घेऊन एकेक खूण केली होती, आणि खुणेपर्यंत हात पोचत नाही म्हणून प्रत्येक रांगेला नव्याने सुरुवात केली होती. आणि टेबलाच्या या बाजूला, तीन हातांवर, बाई गाल फुगवून बसल्या होत्या. पक्का झालेला कोट बाईंकडे उसवायला येण्याआधी इस्त्रीखाली जाऊन ब्रशने झाडला जायचा. किती कोटांतल्या अशा खुणा झाडून टाकल्या असतील, कोण जाणे.

म्हणजे मास्तरांना माहीत होतं का, की हाताला काही होतंय? माहीत होतं तर बोलले का नाहीत? की बोलले होते, खालच्या आवाजात, आणि आपणच "काय म्हणालात?" म्हणून सोडून दिलं? युनिफॉर्मचा राग होता की नव्हता? बाईंच्या डोक्यात पुन्हा सगळं भिरभिरू लागलं. यातल्या एकाचंही उत्तर कोटात नव्हतं.

लेकीने मशीन थांबवली. "आई, झालं का उसवून?"

"नाही."

"दिसत नाहीये का? दे इकडे, मी ओढून काढते. एका हिसक्यात निघेल."

"नको, नको ओढूस." बाईंनी कोट छातीशी धरला. मग लेकीला जवळ बोलावलं, तिचं बोट धरून खडूच्या एकेका रेघेवरून खांद्यापासून घेरापर्यंत फिरवलं. लेक शिंप्याची होती. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती खुर्चीपाशी खालीच बसली.

बाई म्हणाल्या, "मी म्हणायचे मोठे घाला, आणि ते म्हणायचे बरं. मला वाटायचं नुसतंच म्हणतात." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "घालत होते गं."